जोड्या लावा, पण ‘का?’ सांगून: प्रोग्रामिंगच्या शब्दांची उजळणी

सातरस्ता

नमस्कार मंडळी. मी सोलापुरात एका शाळेत आठवी-नववीला कॉम्प्युटर शिकवते. सेमी-इंग्लिशचे वर्ग आहेत. आधी स्क्रॅच झालं, आता पायथन चालू आहे (दोन्ही प्रोग्रामिंगच्या भाषा). चाचणीच्या आधी शब्दांची उजळणी घ्यायची म्हटलं की बहुतेक ठिकाणी एकच प्रकार चालतो: वहीतल्या व्याख्या मोठ्यानं वाचा, पाठ करा, उद्या विचारणार. मुलं पाठ करतातही. ‘व्हेरिएबल म्हणजे काय?’ म्हटलं की अख्खा वर्ग एका सुरात उत्तर देतो. आणि लॅबमध्ये त्याच मुलाला तीन ओळींचा कोड दाखवून ‘यातला व्हेरिएबल कुठला?’ असं विचारलं की तो शेजाऱ्याकडे बघतो.

यावर मी पत्त्यांचा खेळ घेते. कल्पना आपल्या सगळ्यांच्या ओळखीची आहे, ‘अ’ गट आणि ‘ब’ गट, जोड्या लावा. पण परीक्षेतल्या जोड्या लावामध्ये एक मोठी पळवाट असते. आठापैकी सहा जोड्या येत असतील तर उरलेल्या दोन अंदाजानं लागतात आणि शेवटची तर फुकटच मिळते. मुलांना हे तिसरी-चौथीपासून पक्कं ठाऊक असतं. त्यामुळे नुसतं शब्द आणि व्याख्या कापून कार्डं केली तर खेळ रंगतो, आवाज भरपूर होतो, पण उजळणी होतेच असं नाही. हा धागा त्यासाठीच काढला आहे.

माझ्या संचात तीन रंग आहेत. पिवळ्या कार्डावर शब्द, पांढऱ्यावर अर्थ, निळ्यावर कोडचा तुकडा. तिन्ही जुळले तरच संच पूर्ण. शब्द साधारण असे: अल्गोरिदम, व्हेरिएबल (प्रोग्राम चालू असताना किंमत ठेवायचं नाव, ती किंमत बदलता येते), इनपुट, आउटपुट, स्ट्रिंग (अवतरण चिन्हांतला मजकूर), इंटिजर (पूर्णांक), बुलियन (खरं किंवा खोटं), कंडिशन (अट), लूप, फंक्शन (नाव दिलेलं, पुन्हा वापरता येणारं काम), पॅरामीटर, सिंटॅक्स (कोड लिहिण्याचे नियम), बग (प्रोग्राममधली चूक), डीबगिंग. (अल्गोरिदमच्या निळ्या कार्डावर कोड नाही, चहा करण्याच्या पायऱ्या क्रमानं लिहिल्या आहेत. डीबगिंगच्या कार्डावर चुकलेली ओळ आणि तिच्याखाली दुरुस्त केलेली ओळ.) अर्थ पाठ्यपुस्तकी भाषेत लिहीत नाही. लूपच्या कार्डावर ‘ठरावीक वेळा, किंवा एखादी अट खरी आहे तोवर, तेच काम पुन्हा पुन्हा करणं’ एवढंच आहे.

पांढऱ्या कार्डांत दोन जास्तीची घालते, ज्यांना जोडीच नाही. एकावर ‘माहिती कायमची साठवून ठेवण्याची जागा’ असं आहे. व्हेरिएबल म्हणजे ‘साठवण’ एवढंच ज्याच्या डोक्यात आहे, तो हमखास या कार्डाकडे जातो. दुसऱ्यावर ‘कॉम्प्युटरला समजणारी भाषा’. ते अल्गोरिदमला चिकटवलं जातं. ही दोन कार्डं टेबलावर आली की शेवटची जोडी फुकट मिळणं बंद होतं, कारण काहीतरी उरणारच आहे आणि काय उरायला हवं तेही गटाला ठरवावं लागतं.

चौघांचा गट. जोडी लावणाऱ्यानं संच उचलण्याआधी ‘का?’ सांगायचं. बाकी तिघांपैकी कुणालाही ते पटलं नाही तर संच टेबलावर तसाच राहतो. खेळाचा खरा जीव या नियमात आहे.

परवाच्या तासातला एक प्रसंग सांगते. निळ्या कार्डावर होतं: अवतरण चिन्हांत पाच, अधिक, अवतरण चिन्हांत पाच. (कार्डावर कोड अर्थातच पायथनच्या लिपीत असतो, इथे देवनागरीत सांगतेय.) एका मुलीनं ते ‘इंटिजर’खाली सरकवलं आणि म्हणाली, ‘पाच नि पाच दहा, आकडेच हायत की.’ समोरचा मुलगा कार्डावर बोट ठेवून म्हणाला, ‘आगं ती चिन्हं बघ की. ह्ये स्ट्रिंग हाय. ह्याचं दहा न्हाय येत, पंचावन्न येतंय.’ ती ऐकेना. दोघं उठून मशीनवर गेले, ओळ टाइप केली, पंचावन्न आलं. मग तिनंच पुढच्या गटाला जाऊन सांगितलं की इनपुट घेतलेला आकडासुद्धा असाच स्ट्रिंग असतो, त्याला आधी इंट, म्हणजे इंटिजर, करून घ्यायला लागतं. ते मी त्या तासाला शिकवलंच नव्हतं. आधीच्या आठवड्यात एकदा सांगितलं होतं, आणि ते तिला त्या क्षणी आठवलं.

तर विचारायचं आहे ते असं. तुमच्यापैकी कुणी असा खेळ घेत असेल तर कार्डं कशी करता? कोणत्या शब्दांवर मुलं अडतात? आणि मोबाइल-प्रोजेक्टरशिवाय, साध्या वर्गात चालेल असंच सुचवा.

कडक_भाकरी

छान धागा! मी मूळ सोलापूरचा, नोकरीनिमित्त पुण्यात. आमच्या वेळी हे सगळं फळ्यावरून वहीत उतरवून घेतलं होतं. ताई, कार्डं कशावर करता? झेरॉक्सच्या कागदाची केली तर आठवड्यात लोळागोळा होतात.

सातरस्ता

जुन्या लग्नपत्रिकांची कोरी बाजू. जाड असतात, दुमडत नाहीत. प्रत्येक मुलाच्या घरी चार तरी सापडतात. मुलंच कापून आणतात आणि रंगीत कागदाची पट्टी एका कडेला चिकटवतात. अर्थ त्यांच्याकडूनच लिहून घेते. लिहिताना अर्धी उजळणी होऊन जाते.

पायथनवाला

ताई, जास्तीची कार्डं घालण्याचा निर्णय अगदी योग्य. यामागचं गणित सांगतो, शिक्षकांना उपयोगी पडेल.

‘अ’ आणि ‘ब’ गट सारख्या संख्येचे असतील आणि सगळी कार्डं वापरायची असतील, तर फक्त एकच जोडी चुकणं शक्यच नसतं. एक चुकली की तिनं दुसऱ्या कुणाची तरी जागा घेतलेली असते, म्हणजे किमान दोन चुकतात. त्यामुळे ज्या मुलाला एकच शब्द येत नाही आणि ज्याला सगळे येतात, या दोघांचे गुण सारखे येतात. शिक्षकाला कळतच नाही की त्याला ‘पॅरामीटर’ आलेलं नाही.

दुसरं म्हणजे, डोळे मिटून जोड्या लावल्या तरी सरासरी एक जोडी बरोबर येतेच, मग जोड्या चार असोत की चाळीस. संभाव्यतेतलं हे जुनं आणि सुंदर उत्तर आहे. नववी-दहावीच्या मुलांकडून पायथनमध्येच तपासून घ्या. यादी घ्यायची, शफल करायची (पत्त्यांसारखी पिसायची), किती जागच्या जागी राहिले ते मोजायचं, हजारदा करायचं. लूप, लिस्ट, कंडिशन, फंक्शन सगळं एका प्रोग्राममध्ये येतं, आणि उत्तर एकाच्या आसपास बसलेलं बघून मुलं चकित होतात.

अडणाऱ्या शब्दांबद्दल: एक ‘बरोबर’चं चिन्ह आणि दोन ‘बरोबर’ची चिन्हं, यांची दोन वेगळी निळी कार्डं ठेवा. एकानं किंमत दिली जाते, दोनांनी तुलना होते. दुसऱ्याची जोडी बुलियनशी लागते, कारण तुलनेचं उत्तर खरं किंवा खोटं असंच येतं.

सातरस्ता

वा सर! ‘एकच चुकणं शक्य नाही’ हे मुलांनाच शोधायला सांगते.

एका चिन्हाच्या कार्डावरून आठवलं. ‘एक्स बरोबर एक्स अधिक एक’ असं निळं कार्ड माझ्याकडे आहे. बीजगणितात हुशार असलेली मुलं त्यावर सगळ्यात जास्त अडतात. ‘मॅडम, हे समीकरण खोटं आहे, दोन्हीकडून एक्स गेला की शून्य बरोबर एक उरतं.’ त्यांचं म्हणणं गणितात शंभर टक्के खरं आहे, आणि तसं मी वर्गात सांगते. मग पाटीवर एक्सची किंमत लिहायची, उजवी बाजू आधी मोजायची, जुनी किंमत पुसायची, नवी लिहायची. पुसण्याची कृती एकदा हातानं केली की ‘व्हेरिएबल’च्या कार्डावरचा अर्थ त्यांना स्वतःचा वाटतो.

एक_पालक

मुलगी नववीत आहे. स्पष्ट विचारते, राग मानू नका. तास पस्तीस मिनिटांचा. त्यात गट करा, कार्डं वाटा, गोळा करा. एवढ्या वेळात दोन धडे वाचून होतात. वर्गात आरडाओरडा होतो तो वेगळाच. मुलांना मजा येते हे कबूल, पण पेपरात गुण याच्यानं वाढतात का?

निवृत्त_गुरुजी

ताई, रास्त प्रश्न आहे. मी चाळिशीपासून साठीपर्यंत हाच प्रश्न पालकांकडून ऐकत आलो, तेव्हा सविस्तर उत्तर देतो.

रोडिगर आणि कार्पिके या दोन मानसशास्त्रज्ञांचा २००६ सालचा एक प्रयोग शिक्षकांनी वाचावा असा आहे. विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी ते पुन्हा पुन्हा वाचले. काहींनी एकदा वाचून मग न बघता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. दोन दिवसांनी आणि आठवड्यानं घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे निघून गेले. आपल्या घरात काय होतं बघा. मुलगी आदल्या रात्री धडा चारदा वाचते, आपण विचारतो, ती सांगते, आपल्याला वाटतं झालं. तो पाच मिनिटांनंतरचा निकाल असतो. पेपर मात्र आठवड्यानं असतो.

आता या खेळाबद्दल माझी एक सूचना, सातरस्ता ताई. जोड्या लावताना उत्तर डोळ्यासमोर पडलेलं असतं. ते ओळखायचं असतं, आठवायचं नसतं. ओळखणं सोपं, आठवणं अवघड, आणि पक्कं होतं ते आठवण्यानं. म्हणून खेळाचा दुसरा डाव असा घ्या: पिवळी कार्डं सगळी उचलून दप्तरात टाका. टेबलावर फक्त निळी. मुलानं कोड बघून शब्द तोंडानं सांगायचा, मग अर्थ सांगायचा, मग कार्ड उलटून खात्री करायची. तिसऱ्या डावात फक्त शब्द द्या आणि कोडची एक ओळ वहीत स्वतः लिहायला सांगा. जोड्यांचा डाव सुरुवातीला, भीड चेपायला. तेवढ्यावर थांबू नका.

आणि संच आठवड्यानं पुन्हा काढा, नव्या शब्दांत मिसळून. विसरायला थोडा वेळ गेल्यावर पुन्हा आठवलं की जास्त टिकतं, हे एबिंगहाउसनं १८८५ सालीच दाखवलं होतं.

सातरस्ता

गुरुजी, दुसरा आणि तिसरा डाव उद्यापासूनच सुरू करते. मनापासून आभार.

एक_पालक ताई, राग कशाला? वेळेचं सांगते. कार्डं वाटण्याचं काम शिक्षकानं करायचंच नाही. प्रत्येक गटाचा संच रबर लावून एका डब्यात, गटप्रमुखाकडे. बाक फिरवून बसायला मिनिटभर. खेळ बारा-पंधरा मिनिटांत थांबवते, मग प्रत्येक गटानं ज्या एका जोडीवर भांडण झालं तेवढीच फळ्यावर मांडायची. आवाज होतो, खरं आहे. पण जवळ जाऊन ऐकलंत तर तो आवाज ‘अट खरी असेल तरच आत जाणार ना’ असा असतो.

अशोकचौक

नमस्कार. मी शिक्षक नाही. घरचे माग होते, वडील आणि काका दोघं त्याच धंद्यात. धागा वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय.

तुम्ही कार्डांवर प्रोग्रामिंग शिकवताय. आपल्या गावात कार्डांवरच माग चालले. सोलापुरी चादरीवरची नक्षी जकार्डवर निघते. मागाच्या डोक्यावर जकार्डची पेटी, तिच्यावरून पुठ्ठ्याच्या पत्त्यांची माळ फिरते. एक पत्ता म्हणजे एक आडवा धागा. पत्त्यावर भोक असेल तिथं सुई आत जाते, तिचा हुक वर उचलला जातो आणि त्याला बांधलेले ताण्याचे, म्हणजे उभे, धागे वर येतात. भोक नसेल तिथले खालीच राहतात. मधून धोटा जातो, बाणा (आडवा धागा) पडतो, माळ एक पत्ता पुढे सरकते. भोक आहे किंवा नाही, एवढ्या दोनच गोष्टींवर अख्खा मोर, अख्खं कमळ उमटतं.

माळेचा शेवटचा पत्ता पहिल्याला शिवलेला असतो. म्हणून नक्षी संपली की पुन्हा पहिल्यापासून सुरू. तुमच्या ‘लूप’च्या कार्डाला याहून चांगलं उदाहरण सोलापुरात शोधून सापडणार नाही.

आणि बग! एक भोक चुकीचं पडलं तर तो डाग एकदाच येत नाही. नक्षी जितक्यांदा फिरून येईल तितक्यांदा त्याच जागी येतो. चादर मागावरून उतरल्यावर वडील ती उजेडात धरायचे, डाग कुठल्या ओळीत आहे ते मोजायचे, माळेतला तेवढ्यावा पत्ता काढायचे, चुकलेल्या भोकावर कागद चिकटवायचे. मुलाला ‘डीबगिंग’ समजवायचं तर हे सांगा. नुसतं ‘चूक दुरुस्त करणं’ नव्हे. डाग बघून मागे मागे जात नेमका पत्ता शोधणं, यात खरी मेहनत असते.

आता कित्येक ठिकाणी इलेक्ट्रॉनिक जकार्ड आले, नक्षी कॉम्प्युटरवरच काढतात. आमच्या माळ्यावर जुन्या पत्त्यांच्या माळा अजून आहेत. शाळेला हव्या असतील तर आणून देतो.

कडक_भाकरी

अशोकचौक काका, दंडवत! लहानपणी साखर पेठेत मामाकडे जायचो तेव्हा खटाखट आवाजानं झोप लागायची नाही. वरती फिरणारी ती माळ बघितली होती, पण ती काय करते हे आज कळलं.

भुईकोट

अशोकचौक यांनी जे सांगितलं त्याला इतिहासाचाही आधार आहे. ज्याच्या नावावरून आपण ‘जकार्ड’ म्हणतो त्या जाकारनं फ्रान्समधल्या लिऑनमध्ये १८०४ च्या सुमारास हे यंत्र उभं केलं. त्याचंच रेशमात विणलेलं एक चित्र आहे, त्याला सुमारे चोवीस हजार पत्ते लागले होते. इंग्रज गणितज्ञ चार्ल्स बॅबेजकडे त्याची एक प्रत होती. बॅबेजनं १८३० च्या दशकात ‘अॅनॅलिटिकल इंजिन’ या आकडेमोडीच्या यंत्राची आखणी केली तेव्हा सूचना आणि आकडे यंत्राला देण्यासाठी हेच भोकांचे पत्ते वापरायचं ठरवलं. गणित जाणणाऱ्या एडा लव्हलेसनं १८४३ मध्ये त्या यंत्रावर ज्या टिपा लिहिल्या, त्यांत तिनं म्हटलंय की जकार्डचा माग जशी फुलं-पानं विणतो तसं हे यंत्र बीजगणिताच्या नक्ष्या विणतं.

फक्त एक गोष्ट मुलांना नक्की सांगा, नाहीतर घोळ होईल. माग कॉम्प्युटर नाही. पत्त्यांची माळ एका क्रमानं जाते, तिला निर्णय घेता येत नाही. ‘धागा तुटला असेल तर अमुक पत्त्यावर जा’ असं पत्ता सांगू शकत नाही. म्हणजे प्रोग्राम हा शब्द आणि तुमच्या यादीतले इनपुट, आउटपुट, लूप, बग हे शब्द मागावर दाखवता येतील. कंडिशन आणि व्हेरिएबल दाखवता येणार नाहीत. बॅबेजच्या आखणीत मात्र मोजलेल्या उत्तरावरून पुढची वाट बदलण्याची सोय होती, आणि म्हणूनच ती मागाच्या कितीतरी पुढे होती.

माझ्या मते हाच एक डाव होऊ शकतो: चौदा पिवळी कार्डं द्या आणि ‘मागावर सापडतो’ व ‘मागावर सापडत नाही’ असे दोन ढीग करायला सांगा.

सातरस्ता

हा डाव घेणारच! काका, माळा हव्या आहेत. शनिवारी सकाळची शाळा असते. बारानंतर कधीही या, मुलं थांबतील.

जुळे_सोलापूर

+१. वाचतेय. फार उपयोगी धागा.

अकलूजकर

मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. आमच्याकडे मशीन मोजकी आणि वीज भरवशाची नाही, त्यामुळे कागदावरचे खेळ हाच आधार. दोन गोष्टी विचारायच्या आहेत.

आपल्याच जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणण्याची वाट दाखवली, त्यांना २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. तसा कार्डाच्या पाठीवर क्यूआर चिकटवला आणि स्कॅन केल्यावर अर्थ ऐकू आला तर? घरी पालकांच्या फोनवर मुलं एकटी खेळू शकतील.

दुसरं, भाषेचं. आमच्याकडे वर्गात मराठी, घरी कुणाची कन्नड, कुणाची तेलुगू, कुणाची दखनी. अर्थाचं कार्ड कुठल्या भाषेत करायचं?

सातरस्ता

सर, घरी वापरायला क्यूआर उत्तम. वर्गात नको, कारण उत्तर इतक्या पटकन हाताशी असलं की ‘का?’ विचारायच्या आधीच कुणीतरी स्कॅन करणार. घरच्या संचात मी एवढाच बदल करीन की स्कॅन केल्यावर अर्थ सांगण्याऐवजी एक प्रश्न ऐकू यावा. ‘हा लूप किती वेळा फिरेल?’ असा.

भाषेचं मी असं करते. पिवळं कार्ड परीक्षेत जसं येतं तसं, त्यात बदल नाही. पांढरं कार्ड मराठीत. आणि ‘का?’ सांगताना कुठलीही भाषा चालेल. माझ्या वर्गात एक गट तेलुगूतच वाद घालतो. मला प्रत्येक शब्द कळत नाही, पण बोट कुठल्या कार्डावर आहे ते दिसतं, आणि शेवटी त्यांच्यातला एक जण मला मराठीत सांगतो. ते सांगताना तो तेच कारण दुसऱ्यांदा मांडत असतो, याचा फायदाच होतो. विडी घरकुलातून येणाऱ्या एका मुलीनं संच घरी नेला होता. आई विड्या वळत होती, ही तिच्याशेजारी बसून कार्डं लावत होती. आईनं विचारलं, हे काय? तिनं आईला तिच्या भाषेत सगळे शब्द समजावले. दुसऱ्या दिवशी वर्गात सगळ्यात नेमकी कारणं तिची होती.

पायथनवाला

अकलूजकर सर, भाषेवरून एक माहिती. पायथन ३ मध्ये व्हेरिएबलचं नाव देवनागरीत चालतं. ‘वय’ किंवा ‘गुण’ असं नाव दिलं तर प्रोग्राम व्यवस्थित चालतो. इनपुटमध्ये देवनागरी आकडे टाइप केले तरी इंट फंक्शन ते ओळखतं. पण थेट कोडमध्ये देवनागरी आकडा लिहिला तर सिंटॅक्स एरर येते. ‘सिंटॅक्स’च्या निळ्या कार्डासाठी हे उदाहरण घ्या. मुलांना दोन्ही करून बघायला फार आवडेल, आणि भाषेचे नियम यंत्र किती काटेकोर पाळतं ते दिसेल.

कडक_भाकरी

बगच्या कार्डावर त्या पतंग किड्याचं चित्र काढा की! इंग्रजीत बग म्हणजे किडाच. कॉम्प्युटरतज्ज्ञ ग्रेस हॉपरबाईंना यंत्रात किडा सापडला आणि तेव्हापासून बग हा शब्द आला, तो किस्सा मुलांना आवडेल.

भुईकोट

किस्सा जरूर सांगा, पण दुरुस्त करून. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्डच्या मार्क २ या कॉम्प्युटरच्या रिलेमध्ये (विजेवर चालणाऱ्या कळीत) पतंग सापडला, तो नोंदवहीत चिकटपट्टीनं लावला आणि ‘प्रत्यक्ष किडा सापडण्याची पहिलीच वेळ’ अशा अर्थाची नोंद केली, हे खरं. ती वही आज अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संग्रहालयाच्या संग्रहात आहे. हॉपर त्या यंत्रावर काम करणाऱ्या गटात होत्या आणि त्यांनी हा किस्सा पुढे अनेकांना सांगितला. पण यंत्रातल्या दोषाला बग म्हणण्याची पद्धत त्याच्या आधीची आहे. एडिसनच्या १८७८ च्या पत्रातही ती सापडते. नोंदीतला ‘प्रत्यक्ष’ हा शब्दच सांगतो की लोक आधीपासून दोषाला बग म्हणत होते.

एक_पालक

मुलीला घरी विचारलं, ‘पॅरामीटर म्हणजे काय?’ तिनं व्याख्या सांगितली. मग गुरुजींनी सांगितलं तसं म्हटलं, ‘एक ओळ लिहून दाखव.’ अडली. दहा मिनिटं वही घेऊन बसली, मग लिहिली आणि मलाच समजावून सांगितली. आमच्याकडे आता घरी संच तयार होतोय. पॅरामीटर आणि आर्ग्युमेंट यांत ती गोंधळते, त्यांची कार्डं कशी करावीत?

सातरस्ता

ताई, वाचून फार बरं वाटलं. त्या दोघांसाठी एकच मोठं निळं कार्ड करा, दोन भागांचं. वर फंक्शन तयार केल्याची ओळ, त्यात कंसात ‘नाव’. खाली तेच फंक्शन वापरल्याची ओळ, त्यात कंसात प्रत्यक्ष कुणाचं तरी नाव, अवतरण चिन्हांत. दोन पिवळी कार्डं त्या दोन कंसांवर ठेवायची. तयार करताना कंसात असतो तो पॅरामीटर, वापरताना देतो ते आर्ग्युमेंट. कार्ड शेजारी न ठेवता कंसावरच ठेवायला सांगा, म्हणजे चूक लगेच दिसते.

आता शनिवारचं. अशोकचौक काका माळा घेऊन आले. टेबलांवर एक पूर्ण माळ पसरली, खिडकीपासून दारापर्यंत गेली. काकांनी एक पत्ता उजेडासमोर धरला आणि विचारलं, ‘यात कुठला धागा उचलला जाईल, सांगा.’ मुलांनी भोकं मोजून सांगितलं. मग त्यांनी गुपचूप दोन पत्त्यांची अदलाबदल केली आणि नक्षीच्या कागदाशी ताडून चूक शोधायला लावली. मागची बाकं पुढे आली. ज्या मुलाच्या घरी अजून माग चालू आहे, तो एरवी वर्गात गप्प असतो. त्यानं सगळ्यात आधी शोधली, आणि काकांना विचारलं, ‘माळ मधूनच उलटी फिरवता येते का?’ काकांनी सांगितलं, येते, वीण उसवायची असेल तेव्हा तसंच करतात. त्यावरून मुलांनी स्वतःच नवं पिवळं कार्ड मागितलं: ‘अनडू’.

भुईकोट यांचा दोन ढिगांचा डावही झाला. ‘इनपुट’वर तीन गट भांडले. एकाचं म्हणणं पत्ते म्हणजे इनपुट, दुसऱ्याचं सूत म्हणजे इनपुट, तिसऱ्याचं पत्ते हा प्रोग्राम आणि सूत हे इनपुट. मी निकाल दिला नाही, सोमवारपर्यंत कारणं लिहून आणायला सांगितली आहेत.

निवृत्त_गुरुजी

सोमवारची कारणं इथे टाका. मी तिसऱ्या गटाच्या बाजूनं.

पायथनवाला

मीही तिसऱ्याच. ताई, संचात आणखी दोन निळी कार्डं वाढवा: एकाच फंक्शनच्या शेवटी एकदा ‘प्रिंट’ आणि एकदा ‘रिटर्न’. दोन्ही मुलांना सारखीच वाटतात, कारण पडद्यावर उत्तर दिसलं की काम झालं असं वाटतं. फरक दाखवायला उत्तरात एक मिळवून बघायला सांगा. प्रिंटवालं तिथं अडतं, कारण ते उत्तर फक्त दाखवतं, पुढे वापरायला परत देत नाही.

सातरस्ता

घेते. पिवळ्या कार्डावर ‘रिटर्न व्हॅल्यू’ लिहिते, आणि ‘उत्तर पडद्यावर दाखवणं’ हे जास्तीचं पांढरं कार्ड म्हणून ठेवते. पुढच्या आठवड्यात नववी ‘ब’मध्ये खेळवून कळवते.